बेळगावातली पेट-सीटी सेवा: सुईची माहिती देतात, सीटीची नाही

पेट-सीटी म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन आणि जोडीला क्ष-किरणांचा सीटी. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून त्यासाठी बेळगावला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "ह्या सुईनं पुढं कॅन्सर व्हायचा न्हवं?" या केंद्रात उत्तर मिळतं, पण अर्धंच.

सुईत असतं एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. तिचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. दुसऱ्या दिवशी अंगात जवळजवळ काही उरत नाही. पूर्वी एक्स-रेआधी टोचायचं ते थोरोट्रास्ट नावाचं किरणोत्सारी औषध यकृतात जन्मभर ठाण मांडायचं आणि काही दशकांनी तिथंच कॅन्सर व्हायचा. तसलं हे नव्हे. १० मिलिक्युरी (टोचलेल्या किरणोत्साराचं माप) दिलं तर साधारण ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसलेल्या डोसचं माप). निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. ढोबळ हिशेब असा: १० मिलिसिव्हर्टमागे १००० प्रौढांत आयुष्यभरात एखादा जादा कॅन्सर, मुलांत धोका जास्त, सत्तरीत बराच कमी. हाही मोठ्या डोसांवरून बांधलेला अंदाजच.

खरी गोम सीटीत. पेटमध्ये दिसलेल्या डागाची नुसती जागा कळण्यापुरता कमी डोसचा सीटी काही मिलिसिव्हर्टांत भागतो. कॉन्ट्रास्टसह (अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून दिलेलं औषध) पूर्ण सीटी १५च्याही वर जातो. इथं पूर्णच करतात, हातात ताजा सीटी असला तरी! रिपोर्टवर ना मिलिक्युरी, ना डीएलपी (सीटी यंत्र नोंदवतं तो एकूण किरणांचा आकडा). सीडीवर डोसचं पान मागून घ्या. छाती-पोटाच्या डीएलपीला ०.०१५ने गुणलं की मिलिसिव्हर्ट येतात. १००० असेल तर १५.

बाकी काम चोख. सुईआधी साखर तपासतात, २००च्या वर गेली की तारीख पुढं ढकलतात. कॅन्युला सलाइननं धुतात, त्यामुळं औषध हातात साचून चित्र बिघडत नाही. तासभर गप पडून राहायला लावतात, तेही बरोबर. हालचाल केली की स्नायूच साखर ओढतात.

संडास मात्र एकच. औषध लघवीवाटे बाहेर पडतं; ती तुंबवली की सगळ्यात जास्त डोस मूत्राशयाला, आणि रांग तर तिथंच. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत; मराठी पेशंटला तोंडी सांगतात, घाईत. अंगातून काही तास किरण निघत असतात, म्हणून परतीच्या बसमध्ये गरोदर बाईशेजारी बसू नये, संध्याकाळपर्यंत नातवंडाला मांडीवर घेऊ नये, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पहिल्या तपासणीला बेलाशक जा. फेरतपासणीला मात्र जुना सीटी सोबत न्या आणि कमी डोसचा चालेल का, हे नाव नोंदवतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. सुई टोचल्यावर तिथं कुणाला वेळ नसतो.