चिनसुऱ्याला पोहोचलेले पत्र

ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने पत्नी मॅरियन हिला लिहिलेली खासगी पत्रे सिडनी ग्रिअर यांनी ब्रिटिश म्युझियममधील मूळ हस्तलिखितांवरून 1905 मध्ये संपादित केली. त्या संग्रहाचे पुनर्मुद्रण मी नुकतेच वाचले. कलकत्त्यात 17 ऑगस्ट 1780 रोजी पहाटे हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलचा, म्हणजे कारभारी मंडळाचा, सभासद फिलिप फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचे द्वंद्व झाले, आणि त्याच दिवशी कलकत्त्याजवळच्या चिनसुऱ्यात असलेल्या मॅरियनला लिहिलेले छोटेसे पत्र मला या ग्रंथाचा गाभा वाटते. फ्रान्सिस जखमी आहे, आपण सुखरूप आहोत, मात्र त्याच्या जिवाला धोका असेपर्यंत कलकत्ता सोडता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. विजयाचा शब्दही नाही, बायकोने घाबरू नये ही काळजी तेवढी ओळीओळीत आहे.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका नाही, कारण मराठ्यांशी चाललेल्या युद्धात अडथळा न आणण्याचा शब्द फ्रान्सिसने मोडला, असा हेस्टिंग्जचा आरोप होता आणि त्याच वादातून हे आव्हान उभे राहिले. संपादकीय विवेचन हेस्टिंग्जकडे उघड झुकलेले आहे. फ्रान्सिसची बाजू समजून घेण्यासाठी इतर साधनांकडे वळावेच लागते. माझ्या प्रतीतील छपाई फिकट असून तळटीपा डोळ्यांना त्रास देतात. तरीही पेशवाईच्या उत्तरकाळाचा अभ्यास करणाऱ्याने हा संग्रह अवश्य विकत घ्यावा.