राष्ट्र, व्यक्ती की सरकार? पहिल्यांदा मत देणाऱ्या सोलापूरकरासाठी

मतदारयादीत नुकतंच नाव लागलेली मुलं विचारतात, ‘राष्ट्र आधी’ म्हणणाऱ्यांचं ऐकायचं, ‘माणसाचं स्वातंत्र्य आधी’ म्हणणाऱ्यांचं, की ‘सरकारनेच सगळ्यांचं बघावं’ म्हणणाऱ्यांचं? तिन्ही विचार आपल्या शहराने अंगावर घेतलेले आहेत, तेव्हा इथेच तपासू. कसोटी एकच : सगळ्यात दुबळ्या माणसाच्या पदरात काय पडलं?

राष्ट्रवादाचं आपलं रूप 1930 चं. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, 12 मेला मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ही चार नावं एका दमात उच्चारा. हा राष्ट्रवाद जातधर्म विचारून उभा राहिला नव्हता, आणि तो जुलमी सत्तेला जाब विचारत होता. म्हणून तो मला वंदनीय वाटतो.

पण राष्ट्रवादाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय 10 वरून 12 वर नेलं, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं होतं. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा कैवारी सरकारचा कायदा मागतो, हे नीट लक्षात घ्या. त्या मुलीवरची जबरदस्ती घरातूनच होत होती आणि तिला सोडवायला घराबाहेरचंच कुणी लागणार होतं.

म्हणून सगळं सरकारवर सोपवावं का? सोलापूरच्या सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेल्या वसाहतीचा, इतिहास वाचा. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला परवानगी. सुधारणा करतो, असंच तेव्हाचं सरकार म्हणत होतं. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला त्या दिवशीही हा कायदा जिवंत होता. देशभरातून तो गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. राष्ट्र स्वतंत्र झालं की माणूस आपोआप स्वतंत्र होतो, असं मानणाऱ्यांना मी ही तारीख दाखवतो.

मग सरकारने लांबच राहावं, माणसं आपापसात व्यवहार ठरवतील, असंही काहीजण सांगतात. शहराच्या पूर्व भागात घरी बसून बिड्या वळणारी बाई कारखानदाराशी कसला सौदा करणार? तिच्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या तर ती दाद कुठे मागणार? 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. पुढे बायका संघटित झाल्या, वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, आणि सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं उभी राहिली. सरकारचा पैसा त्यात होता, बायकांचा स्वतःचाही होता. स्वतःच्या घराचं दार लावून घेता येणं हेही स्वातंत्र्यच आहे, आणि ते नुसतं सरकारने हात आखडल्याने मिळालं नसतं.

माझा कौल स्पष्ट आहे : व्यक्ती आधी. सरकार हवं, भक्कम हवं, पण ज्याला कोर्टात खेचता येईल, ज्याच्यावर मोर्चा नेता येईल असं हवं. सेटलमेंटचं सरकार आणि कुंभारीचं सरकार यांत मोठा फरक हाच, की दुसऱ्याला बायकांची मतं लागत होती. राष्ट्राभिमान 1930 सारखा असेल तर तोही हवाच. विरोधात बोलणाऱ्याला देशद्रोही ठरवून गप्प करणारा असेल, तर त्याला मत देऊ नका.

तुमच्या घरी कुणी बिडीकामगार किंवा यंत्रमागावर असेल, तर तुम्हाला सरकारची बाजू माझ्यापेक्षा जास्त जवळची वाटेल, आणि त्यात चूक काही नाही. फक्त उमेदवार दारात आला की नळाला पाणी कधी येणार एवढं विचारून थांबू नका. सभेला परवानगी नाकारली, संशयावरून कुणाला उचललं, तर तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहाल, हेही विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत त्याला सोडू नका.