नमुना एक, माल दुसरा: ट्रेल कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये आम्ही कसे फसलो

सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला आमची काजूची बाग आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईल. बागेला लागून व्हाळ, म्हणजे ओढा, व्हाळापलीकडे किंजळ-ऐनाचं रान. रात्री बागेत कोण कोण फिरतं ते कळावं म्हणून चार वर्षांपूर्वी पहिला ट्रेल कॅमेरा घेतला, म्हणजे झाडाला बांधायचा आणि समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. साळिंदर दिसलं, उदमांजर दिसलं, गव्यांचा कळप दिसला. मग आसपासच्या तीन मित्रांनीही आपापल्या बागांत कॅमेरे लावले.

कॅमेऱ्याबरोबर एक पट्टा येतो. खोड सरळ असेल तर तो पुरतो. काजूचं खोड कुठे सरळ असतं? कॅमेरा एक तर आभाळ बघतो, नाही तर स्वतःच्याच बुंध्याशी पडलेला पाचोळा. आम्ही मागे लाकडाच्या चिपा कोंबायचो, आणि वानरांनी एकदा हात घातला की सगळं वाकडं. म्हणून हवा तसा वळवता येणारा, झाडाला बांधायचा माउंट शोधत होतो.

मोबाइलवर जाहिरात दिसली. ‘304 स्टेनलेस स्टील, आयुष्यभर गंज नाही, वन खात्याला पुरवठा.’ फोन केला तर माणूस अतिशय अदबीने बोलला. “काका, आधी एक नमुना घ्या. पटला तरच पुढचं बोलू.” 850 रुपये भरून एक मागवला आणि खरं सांगतो, वस्तू उत्तम होती. जाड पत्रा, स्वच्छ वेल्डिंग, 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून लावून पाहिलं, तर चिकटलं नाही. तो किंजळाला बांधला आणि डिसेंबरात त्याच कॅमेऱ्यात खवले मांजर आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आनंदाच्या भरात तो फोटो मी विक्रेत्याला पाठवला. “वा काका! कुठलं गाव तुमचं?” असं त्याने विचारलं, आणि मी सांगून टाकलं.

एप्रिलमध्ये चौघांनी मिळून 16 माउंट मागवले. घाऊक म्हणून 750 रुपये भाव, एकूण 12,000. “मोठी ऑर्डर आहे, स्टॉक संपतोय, सगळे पैसे आधी लागतील,” म्हणाला. नमुना पाहिलेला होता, शंका घ्यायचं काही कारण वाटलं नाही. पैसे माझ्या फोनवरून गेले. बिल मागितलं तर “मालासोबत येईल”. माल मेच्या शेवटी आला, बिल आलं नाही. चार वेळा मागितल्यावर फोनवर एक कागद आला, त्यावर फक्त ‘कॅमेरा ब्रॅकेट, 16 नग’. कुठला धातू, कुठली प्रत, काही नाही.

पाऊस तोंडावर आला होता. बाहेरून दिसायला सोळाही नग नमुन्यासारखेच, उलट जास्त चकचकीत. चुंबक लावायचं मला सुचलं नाही. हा माझा सगळ्यात मोठा दोष, आणि मित्रांनी माझ्या शब्दावर पैसे दिले होते म्हणून तो जास्त टोचतो.

पहिली अडचण पेचाची आली. ट्रेल कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडचं भोक असतं, ते पाव इंची, म्हणजे आपल्या हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत दोन सुती, आणि इंचाला 20 आटे. या माउंटना 6 मिलिमीटरचे मेट्रिक पेच होते. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. पण मेट्रिकच्या आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर आणि पाव इंचीचं 1.27. पेच सैल सैल दोन आटे आत जातो आणि अडतो. आपल्याला वाटतं नवीन आहे म्हणून घट्ट आहे. माझ्या एका मित्राने पान्याने आवळला आणि कॅमेऱ्याच्या भोकातले आटेच सोलून निघाले. 11,000 रुपयांचा कॅमेरा, आता कुठल्याच माउंटवर बसत नाही.

मी बाकीचे पेच बदलून घेतले आणि माउंट बांधले. जूनच्या पावसानंतर पंधरा दिवसांत वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबडं पाणी ओघळायला लागलं. जुलैत वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला. तेव्हा चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. आत साधं लोखंड, वर चकाकीचा मुलामा. कॅमेरा ज्या गोटीवर वळतो तिची पकडही सुटली होती, त्यामुळे कॅमेरे हळूहळू माना टाकत गेले. कार्ड काढून पाहिलं तर हजारो फोटो, सगळे हलणाऱ्या गवताचे. व्हाळाकडेचा एक माउंट सांध्यातच मोडला आणि कॅमेरा पाण्यात गेला. पावसाळ्यात जनावरं व्हाळाच्या कडेने कशी फिरतात हे आम्हाला त्या वर्षी पाहायचं होतं, ते सगळं गेलं.

फोन केला. “काका, कोकणातला पाऊस आहे, तिथे सगळंच गंजतं.” मी म्हटलं, तुमचा नमुना त्याच पावसात शेजारी टांगलेला आहे, त्याला डाग नाही. मग म्हणाला, “फिटिंग करताना तुम्ही जोर दिला असेल.” फोटो पाठवतो म्हटल्यावर त्याने माझा नंबरच बंद करून टाकला. बिलावरचा जीएसटी क्रमांक नंतर सरकारी पोर्टलवर तपासला, तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर होता. हा तपास पैसे भरण्याआधी दोन मिनिटांत झाला असता.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे देऊन वस्तूच आली नाही, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभराच्या आत फोन करा, कारण पैसे पुढे वळवले जाण्याआधी अडवता येतात. आमचं तसं नव्हतं, वस्तू आली होती, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. विक्रेत्याचा पत्ता मात्र द्यावा लागतो. आमच्याकडे तो आहे, कारण बायकोने कुरियरचं खोकं लेबलासकट माळ्यावर ठेवलं होतं. तुम्हीही खोकं टाकू नका.

आता माउंट गावच्या वेल्डरकडून करून घेतो. तीन मिलिमीटरची 304 ची पट्टी इंग्रजी एलच्या आकारात वाकवलेली आणि दोन सुती बोल्ट. कॅमेऱ्याचं भोक उथळ असतं, म्हणून बोल्टला वायसर घालून लांबी कमी करायची, नाही तर टोक आतल्या भागाला लागतं. नग 400 रुपयांना पडतो. पट्टी घेताना एवढं ध्यानात ठेवा की चुंबक न चिकटणं पुरेसं नाही. 202 प्रतीच्या स्टीलला सुद्धा ते चिकटत नाही आणि ते 304 च्या मानाने लवकर गंजतं. स्टीलच्या दुकानात तपासायचा द्रव असतो, थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर तो लाल होतो. समोर करून दाखवायला सांगा आणि बिलावर ‘304’ लिहून घ्या.

त्या विक्रेत्याने खोडात फिरवायचे जाड स्क्रूही दिले होते, “झाडाला काही होत नाही” म्हणून. ते आम्ही वापरले नाहीत. काजूच्या खोडाला जखम झाली की पोखरणारी अळी तिथेच शिरते. पट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतो आणि वर्षातून एकदा पट्टा सैल करतो, कारण खोड वाढतं.

पैशांचं दुःख आता उरलं नाही. ऑक्टोबरमध्ये पुतण्याने एक जाहिरात दाखवली. विक्रेता तोच, नाव नवं, आणि वर माझा खवले मांजराचा फोटो. खाली आमच्या गावाचं नाव. खवल्यांसाठी या जनावराची चोरटी शिकार चालते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2016 मध्ये बंदी घालण्याचं ठरलं, तरी शिकार थांबलेली नाही. ज्याला ते हवंय त्याला आता फक्त बाग शोधायची आहे. मी वन विभागाच्या 1926 वर कळवलं, वनरक्षक येऊन जागा पाहून गेले. रात्री आम्ही आळीपाळीने व्हाळापर्यंत फेरी मारतो.

फोटोत किंजळाचा बुंधा आहे, उजव्या कोपऱ्यात मोडलेली कुंपणाची काठी, आणि मधोमध पाठ वाकवून चाललेलं खवले मांजर. हा फोटो लावलेली माउंटची जाहिरात तुमच्याकडे आली तर नमुनासुद्धा मागवू नका, आणि तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका.