कसबा की कामगाराची खोली: दोन चित्रपट, दोन नजरा

ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्ट्युअर्ट हॉलचा प्रतिनिधित्वाचा सिद्धांत (चित्रण हा वास्तवाचा आरसा नसतो, ते अर्थ घडवतं) फ्रेंच काव्यात्म वास्तववादाला, म्हणजे १९३०च्या दशकातल्या एका सिनेप्रवाहाला, लावताना वसाहतवाद तपासायचा असेल, तर ‘पेपे ल मोको’ (१९३७) घ्या. वर्ग तपासायचा तर ‘ल जूर स लेव्ह’ (१९३९). नायक दोन्हीकडे ज्याँ गाबाँच.

‘पेपे’च्या सुरुवातीलाच पोलीस कसब्याचं, म्हणजे तेव्हा फ्रेंच वसाहतीत असलेल्या अल्जीयर्स शहरातल्या जुन्या वस्तीचं, वर्णन करतात; तिथल्या रहिवाशांना स्वतःबद्दल बोलायला वावच नाही. स्थानिक इन्स्पेक्टर स्लिमानही युरोपीय नटानं साकारलाय. वस्तीचा बराचसा भाग स्टुडिओत उभारलेला. त्यामुळे हे अल्जीयर्सचं प्रतिबिंब मानलं की विश्लेषण तिथेच फसतं.

दुसऱ्यात वाळूच्या माऱ्यानं धातू साफ करणारा फ्रांस्वा खोलीत कोंडून घेतो आणि गोष्ट त्याच्याच आठवणींतून उलगडते. कामगाराला अंतर्मन मिळतं, ही मोठी गोष्ट. फ्रांस्वाज आणि क्लारा या त्याच्या आयुष्यातल्या दोन स्त्रिया मात्र बहुतांशी त्याच्याच नजरेतून दिसतात.