पॅनलवर दिवे एकेक करून लागायचे, आत मात्र तिन्ही हीटर एकदमच

हळदीच्या ड्रायरचं पॅनल, म्हणजे हीटर-पंखा चालवणारी विजेची पेटी, करून घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण वाचा. माझे ८५ हजार गेले आणि त्या रात्री बायकोला जाग आली नसती तर शेड पण गेलं असतं.

आम्ही वसमतकडचे, सेलम हळद. शिजवलेली हळद उन्हात वाळायला १०-१५ दिवस लागतात आणि नेमका त्याच दिवसांत अवकाळी येतो, रात्री-बेरात्री ताडपत्र्या घेऊन पळायचं तरी निम्मी भिजायचीच. म्हणून चकत्या करून वाळवायला ट्रे ड्रायर घेतला, १८ किलोवॅटचे हीटर, ६-६ च्या तीन बँका. हळदीला हवा ६० डिग्रीच्या वर जाऊ द्यायची नसते, त्यामुळं हीटर टप्प्याटप्प्यानं चालणं लई गरजेचं. थंड असताना तिन्ही बँका, ५४ ला एक बंद, ५७ ला दुसरी, आणि शेवटी एकट्या बँकेनं ६० वर धरून ठेवायचं. चालू होताना पण एकामागं एक, मधे टायमर, म्हणजे लाईनवर एकदम लोड येत नाही.

पॅनलवाल्यानं ड्रॉइंग आणलं ते खरंच सुरेख होतं. दोन उभ्या लाईन आणि मधे शिडीसारख्या आडव्या ओळी. बोट ठेवून ठेवून समजावलं त्यानं, दादा ही वरची ओळ ब्लोअरची म्हणजे पंख्याची, ब्लोअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनं ओढला जाणारा मोठा स्विच, ओढला की त्याचा ऑक्झिलरी, त्याच्यासोबतच चालणारा छोटा स्विच, मिटणार आणि तेव्हाच खालच्या हीटरच्या ओळींना सप्लाय जाणार, ह्याच ओळीत हाय लिमिट थर्मोस्टॅट, जास्त तापलं तर हीटर तोडणारा, ७५ ला तुटणार आणि हातानं रिसेट केल्याशिवाय परत लागणार नाही. मला वाटलं माणूस जाणता आहे. जाणता होताच, म्हणून तर इतकं बेमालूम करू शकला. एक लाख ठरले, ८५ दिले, १५ राहिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणला जीएसटी लावला तर महाग पडंल, आणि मी ऐकलं.

डेमोच्या दिवशी दारावरचा पहिला दिवा लागला, थोड्या वेळानं दुसरा, मग तिसरा. आम्ही सगळे बघायलोत, खुश. पेढे दिले त्याला.

पहिल्याच लॉटला काटा ६० वरून ७२-७३ ला गेला. चकत्या वरून कडक आणि तपकिरी, मोडून बघितल्या तर आतून ओल्या. फोन केला तर म्हणला सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, दोन-चार बॅच जाऊ द्या बसंल आपोआप. तिसऱ्या बॅचला रात्री एक फेज गेली, ब्लोअरची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली, आणि हीटर चालूच राहिले. तापमानाचा सेन्सर ट्रेच्या पलीकडं बसवलेला, वारंच बंद म्हणल्यावर तिथं गरम हवा पोचणार कशी, सेन्सर बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला वाटायलंय अजून थंडच आहे म्हणून तो उरलेल्या फेजवर हीटर तापवतच बसला. वास आला म्हणून बायको उठली, मेन खाली ओढला तवा थांबलं. हीटरजवळच्या वायरीचं इन्सुलेशन वितळून खाली ठिबकलेलं होतं.

भाच्यानं आयटीआय केलंय इलेक्ट्रिशियनचं. दुसऱ्या दिवशी आला, मोटर बघितली, हीटरच्या वायरी बदलल्या आणि आधी काहीच न उघडता फक्त चालू करायला लावलं. पहिला दिवा लागला, त्यानं टाँग टेस्टर, वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, मेन वायरला धरलेला, म्हणला मामा, एक बँक लागली तर ८ ॲम्पियरच्या आसपास यायला पाहिजे, हे बघा. २४ दाखवायलं. आणि खरंच, कॉन्टॅक्टर ओढल्याचा ठक असा आवाज एकदाच आला होता, पुढचे दोन दिवे नुसते लागले, आवाज काहीच नाही.

मग झाकण उघडलं. टायमर बसवलेले होते, पण त्यांच्या १८ नंबरच्या टर्मिनलवरनं, म्हणजे आउटपुटवरनं, निघालेली बारीक वायर सरळ दारावरच्या दिव्याला गेलेली. कॉन्टॅक्टरशी टायमरचा संबंधच नाही. तिन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइली एकाच वायरीनं लूप करून एकाच कंट्रोलरवर, तो पण एकाच आउटपुटचा, ज्याचे पैसे तीन स्टेजचे घेतले. ब्लोअरच्या ऑक्झिलरीवर, १३ आणि १४ मधे, पिवळ्या वायरीचा तुकडा टाकून जंपर मारलेला, म्हणजे ब्लोअर बंद असला तरी हीटरला सप्लाय चालूच. आणि हाय लिमिटची ती तांब्याची नळी, जिचं उष्णता ओळखणारं टोक ड्रायरच्या आत असायला पाहिजे, ती पॅनलमधेच गोल गुंडाळून केबल टायनं बांधून ठेवलेली. ते बघून माझे हातपाय गार पडले. ड्रायर पेटला असता तरी ती नळी पॅनलमधेच गार पडून राहिली असती. कॉन्टॅक्टर पण वरून नवे, आतले पॉइंट काळे, खड्डे पडलेले, म्हणजे कुठल्या तरी भंगारातले धुऊन लावलेले. पैसे वाचवायला जुना माल लावला हे एक वेळ समजतं, पण दिवे वेगळे फिरवायला त्यानं मुद्दाम बसून वायरिंग केलंय, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

फोन केला, फोटो पाठवले, तर म्हणला तुमच्या माणसानं छेडछाड केली. मग नंबर बंद. ग्राहकांच्या १९१५ हेल्पलाइनवर बोललो, त्यांनी पहिलं बिलच विचारलं, आणि माझ्याकडं हातानं लिहिलेलं कोटेशन.

तुम्ही पॅनल घेत असाल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ड्रॉइंग हातात घेऊन त्याच्यासमोरच झाकण उघडा आणि ओळीवर बोट ठेवून वायर दाखव म्हणा. हीटर चालू असताना ब्लोअर मुद्दाम बंद करा, हीटरचे कॉन्टॅक्टर त्याच क्षणी सुटले नाहीत तर एक रुपया देऊ नका. हाय लिमिट ४० वर आणून बघा तुटतो का. प्रत्येक स्टेजला टाँग टेस्टर लावा, आपल्या ६ च्या बँकांना ८, मग १६-१७, मग २५ असं चढत गेलं पाहिजे, दिव्याकडं बघूच नका.

भाच्यानं दोन दिवस बसून सगळं परत ओढलं, कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर नवे आणले, पक्क्या बिलावर. काल कळलं की शेजारच्या गावातल्या एकानं ह्याच माणसाला ५० हजार ॲडव्हान्स दिलाय आणि पॅनल उद्या यायलंय. सकाळीच भाचा आणि मी टाँग टेस्टर घेऊन तिकडं निघतोय.