नेम, मौन की टायमर?

फोनमुळे डोकं भणभणलं की आमच्या घरात तीन पिढ्यांचे तीन सल्ले मिळतात. आजी म्हणते, "एखादा नेम धर रे." बाबा म्हणतात, "इगतपुरीला जाऊन ये." आणि कॉलेजात जाणारी पुतणी "काका, दे इकडे" म्हणत फोनच हातातून काढून घेते आणि टायमर लावून देते. मी तिन्ही करून पाहिलं.

टायमरला ना पैसा लागतो ना रजा. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम', दोन्ही २०१८ पासून आहेत. अडचण एवढीच की माझ्या आयफोनवर वेळ संपल्याचं सांगणाऱ्या पाटीवरच ती बाजूला सारायची सोय असते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! शेवटी 'स्क्रीन टाइम'ला पासकोड पुतणीने घातला आणि मला सांगितला नाही, तेव्हा कुठे जरा जरब बसली.

बाबांचा मार्ग याच्या अगदी उलट. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या परंपरेतली विपश्यना ध्यानाची शिबिरं १९७६ पासून चालतात. दहा दिवसांचं शिबिर, येणं-जाणं धरून बारा दिवस. फोन जमा, वाचन-लेखन बंद. पहाटे चारला घंटा, दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं, आणि बोलायची मुभा थेट दहाव्या दिवशी. फी नाही, शेवटी इच्छेप्रमाणे दान. खर्च होते ती रजा. बाबा निवृत्तीनंतर गेले, त्यांना सोपं होतं. घरात तान्हं मूल असेल तर हा पर्याय तूर्त सोडून द्या. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात स्पष्ट लिहा.

मला शांत वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परतताना कसारा घाटात रेंज येत-जात होती आणि मी दर दोन मिनिटांनी फोन खिडकीशी धरून बघत होतो.

आजीचा नेम चातुर्मासातला, आषाढी ते कार्तिकी एकादशी. कांदेनवमीला भजी खाऊन कांदा-लसूण बंद, शिवाय मौनभोजन. २०२३ साली अधिक श्रावण आला, चाराचे पाच महिने झाले, तरी तिने एक दिवस कमी केला नाही. जमलं, कारण शेवटची तारीख ठरलेली आणि लक्ष ठेवायला सगळं घर. अर्थात बाकीच्यांसाठी कांदा तीच चिरत होती, हेही लिहिलं पाहिजे. आजीच्या पिढीचं ओझं नेमाने हलकं झालं नाही. ताटापुरती तेवढी तिला शांतता मिळाली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून हेच, ठरलेली वेळ आणि सगळ्यांची नजर, गावभर केलं. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद.

एकटे राहत असाल तर टायमर लावा, पण आयफोन असेल तर पासकोड मित्राकडे द्या. बारा दिवस मोकळे काढता येत असतील आणि डोकं खरंच भरून आलं असेल तर इगतपुरी; पण परतल्यावर रोज काय करणार, ते निघायच्या आधी ठरवा. घरात माणसं असतील तर मी नेमच सुचवेन.

माझा यंदाचा नेम, ताटाजवळ फोन नाही. परवा जेवताना बॉसचा फोन वाजला, हात गेलाच होता, तेवढ्यात समोरून आजीने नुसत्या भुवया वर केल्या. तिचं मौनभोजन चालू होतं.