मागाच्या खडखडाटात 'टॉक' : आठ महिने वापरल्यानंतर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सगळे माग एकदम सुरू असले की शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. आमचे जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे मुकादम, मामा तीस वर्षं या आवाजात उभे आहेत. त्यांना आता ऐकू कमी येतं, फोनवर तर काहीच कळत नाही. मी ऑफिसात, ते शेडच्या केबिनमध्ये. दिवसातून वीस वेळा विचारावं लागतं: बीम (उभ्या धाग्यांचा मोठा रूळ) कधी उतरणार, किनारीला कुठला रंग लावलाय, कुठला माग बंद आहे.

व्हॉट्सअॅप करून पाहिलं. हाताला ग्रीस आणि कापसाची तूस, खिशातला फोन काढेपर्यंत अर्धा तास जातो. त्यात रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची लाइन तुटली की दोन-दोन दिवस सगळं ठप्प. तेव्हा ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम) टाकलं, केबिनपर्यंत केबल ओढली आणि 'टॉक' बसवलं, म्हणजे दोन माणसांना टाइप करून समोरासमोर बोलू देणारा जुना प्रोग्राम. टॉक आणि टॉकडी (बोलावणं पोचवणारी मागची सेवा) ही दोन पॅकेजं, सोबत त्या सेवेला गरजेप्रमाणे सुरू करणारं आयनेटडी. दोघंही एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने, त्याच एका मशीनवर लॉगिन करतो. टॉक स्वतः काहीच एन्क्रिप्ट (गुप्त लिपीत) करत नाही, पण आमच्या सोयीत केबलवरून जातं ते एसएसएचमधूनच.

हा प्रोग्राम १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आला. वापर अगदी साधा. टॉक लिहायचं, पुढे समोरच्याचं लॉगिन नाव. त्याच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) निरोप उमटतो की अमुक जण बोलवतोय, उत्तर देण्यासाठी हे टाइप करा. त्याने ते टाइप केलं की स्क्रीनचे आडवे दोन भाग होतात. वर आपलं, खाली त्याचं. मग जे अक्षर दाबाल ते त्याच क्षणी पलीकडे दिसतं, एंटर दाबायची वाट बघावी लागत नाही.

मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. परवाचंच सांगतो. मी विचारलं, "मामा, सहा नंबरचं बीम आज उतरेल का?" खालच्या भागात रोमन लिपीत एकेक अक्षर येऊ लागलं: हो... ई... ल. मग कर्सर थांबला. मग शेवटून एकेक अक्षर पुसत गेलं, सगळं कोरं झालं. थोड्या वेळाने आलं, "थांब बे, बघून येतो." पाच मिनिटांनी, "उद्या दुपारी. ताणा तुटतोय सारखा." (ताणा म्हणजे उभे धागे.) तो पुसलेला 'होईल' मला दिसला म्हणून व्यापाऱ्याला फोन करायचा थांबलो. मेसेजमध्ये माणूस ठरवून झालेलं पाठवतो. इथे त्याचं ठरवणं दिसतं, समोर बसल्यासारखं. मामा एका बोटाने टाइप करतात, पण मला वाट बघण्याचा कंटाळा येत नाही, कारण ते लिहितायत हे डोळ्यांपुढे असतं.

सुरुवातीला अडचण आली ती बोलावण्याची. टॉक टर्मिनलची बेल वाजवतं, उत्तर नाही आलं तर थोड्या वेळाने पुन्हा वाजवतं. शेडमध्ये ती कोणाला ऐकू येणार? टर्मिनलच्या सेटिंगमध्ये आवाजाऐवजी स्क्रीन उजळणारी बेल लावली. आता केबिनच्या काचेतून उजेड लुकलुकला की मामा येतात. दुसरं, निरोप येऊ द्यायचे की नाही ते ठरवणारी 'मेस्ग' ही आज्ञा समोरच्याकडे 'एन'वर (नाही) असेल तर समोरचा निरोप नाकारतोय एवढंच आपल्याला दिसतं. मामा रागावले की काय असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्यांच्या लॉगिनमध्ये 'मेस्ग वाय' कायमचं घालून टाकलं. हॉस्ट्स फाइलमध्ये (मशीनची नावं आणि पत्ते असतात ती) मशीनचं नाव नीट नसेल तरी जोडणी अडते, तेही आधी तपासा. आणि दुसऱ्या कामात असताना निरोप मधेच उमटून स्क्रीन बिघडली तर कंट्रोल-एल दाबायचं, बहुतेक वेळा सरळ होते.

आता तक्रार. बोलणं कुठेही साठत नाही. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडलं की संपलं. मार्च महिन्यात मामांनी किनारीचा रंग बदलल्याचं सांगितलं, मी 'हो' म्हणून बंद केलं आणि रजिस्टरला जुनाच रंग राहिला. एका लॉटच्या किनारी चुकल्या, माल पडत्या भावात द्यावा लागला. मला ते फार लागलं. स्क्रीनवरचं सगळं फाइलमध्ये टिपणाऱ्या 'स्क्रिप्ट' आज्ञेने नोंद ठेवून पाहिली, पण कर्सर हलवायच्या खुणांनी फाइल भरते, वाचवत नाही. शेवटी 'वायटॉक' घेतलं, टॉकसारखाच पण जास्त सोयींचा प्रोग्राम. त्यात एस्केप दाबून मेनू येतो, समोरच्याचं लिहिणं फाइलमध्ये उतरवता येतं आणि तिसऱ्या माणसालाही बोलण्यात घेता येतं. आकडे आणि रंग मात्र बंद करण्याआधी रजिस्टरला चढवायचेच, हा नियम आम्ही दोघं पाळतो.

देवनागरीचं दुःख वेगळं. यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरात अक्षरं साठवायची आजची पद्धत) आपलं मूळ अक्षर, काना, मात्रा असं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, जुना टॉक प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो. त्यामुळे पलीकडे कचरा दिसतो आणि बॅकस्पेसचा हिशोब बिघडतो. म्हणून आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहितो. मामांचं तेलुगूही मधून मधून तसंच येतं, तेही मला कळतं. पण ज्या माणसाने शाळेत बाराखडीच गिरवली त्याला इंग्रजी अक्षरांत शब्द जुळवायला लावायचं, हे मला बरं वाटत नाही.

तरीही सोडणार नाही. एकाच मशीनवर लॉगिन करणारी दोन-चार माणसं असतील आणि फोनवर बोलणं जमत नसेल, तर जरूर बसवून बघा. दूरदूरच्या मशीन थेट जोडायच्या भानगडीत पडू नका. बोलावण्यासाठी यूडीपीचा ५१८ नंबरचा पोर्ट आणि बोलण्यासाठी पुढची टीसीपी जोडणी (यूडीपी, टीसीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती) असं दोन्ही फायरवॉलमधून, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यातून, उघडावं लागतं, आणि त्या वाटेवर लिहिलेलं सगळं उघडं जातं.

पुढच्या आठवड्यात डाइंगच्या खोलीत तिसरं टर्मिनल लावतोय. केबल आणून ठेवली आहे. तिथल्या पोराला मामांनीच वायटॉक शिकवायचं कबूल केलंय.